दोन बोल्टांमधला पत्रा

माझी डिझेल गाडी २०११ सालची, कॉमन रेल इंजिनाची. १ लाख ४० हजार किलोमीटर झाले तेव्हा मी तिची ईजीआर लाइन बंद करून घेतली, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारी वाट बुजवली. चार वर्षं तशीच चालवली. त्या काळात आणखी तिघांना तेच करायला सांगितलं. माझ्या गाडीपुरती चूक मी कदाचित मनातच ठेवली असती, पण त्या तिघांमुळे लिहायला बसलो.

पुण्याहून गावी साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात गाडी दम सोडायला लागली होती. एरवी तिसऱ्या गिअरवर निघणारा चढ दुसऱ्यावर कण्हत काढायचा, आणि आरशात पाहावं तर मागे काळा धूर. गॅरेजमध्ये मेकॅनिकने ईजीआर व्हॉल्व्ह सोडवून माझ्या हातावरच ठेवला. आत काजळीचा जाड थर होता, ओल्या डांबरासारखा. बोट घातलं तर चिकटून काळं निघत होतं. मॅनिफोल्डचं तोंडही निम्मं बुजलेलं. "काका, गाडी स्वतःचाच धूर परत पितेय. ही वाटच बंद करून टाकू," तो म्हणाला. हातातली ती घाण बघून मला दुसरा प्रश्न सुचलाच नाही. त्याने गॅस्केटच्या मापाचा पत्रा कापला, दोन बोल्टांची भोकं पाडली आणि पाइप नि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसवला.

त्याच दिवशी त्याने आणखी दोन कामं केली. एअर फिल्टर बदलला, आणि टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज पाइप क्लॅम्पखाली चिरला होता, तोही नवा टाकला. बिलात दोन्हींची नोंद होती. पुढच्या रविवारी गाडी घाट सरसर चढली आणि मी सगळं श्रेय पत्र्याला देऊन मोकळा झालो. एकाच दिवशी तीन गोष्टी बदलल्या, तर गुण कशाचा हे आपल्याला कळलेलं नसतं. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाने एवढं तरी ओळखायला हवं होतं.

महिन्याभरात इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी ०४०१, ईजीआरचा प्रवाह अपुरा. परत वायू येत नाही, म्हणून ताजी हवा हिशेबापेक्षा जास्त आत जातेय, हे गाडीच्या कॉम्प्युटरने पकडलं होतं. गाडी खरं तेच सांगत होती. मी पत्र्याला ८ मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं. जेमतेम दिवा विझेल एवढाच वायू जावा, म्हणून. त्या दिवशी अजाणतेपणा संपला. त्यापुढचं सगळं मी जाणूनबुजून केलं.

मनाची समजूत घालायला पीयूसी होतीच. डिझेल गाडीची चाचणी म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराचा दाटपणा मोजणं. ईजीआर बंद केली की सिलिंडरला प्राणवायू जास्त मिळतो आणि काजळी उलट कमीच होते. गाडी पहिल्यापेक्षा चांगली पास झाली, आणि त्याचंही श्रेय मी पत्र्यालाच दिलं. जे वाढलं होतं ते तिथे मोजतच नाहीत.

वाढले होते नायट्रोजनचे ऑक्साइड. हवेतला नायट्रोजन एरवी निवांत असतो, पण सिलिंडरमधली आच फार चढली की तो ऑक्सिजनशी जुळतो. परत सोडलेला वायू जळून गेलेला असतो. तो ऑक्सिजन विरळ करतो, उष्णता शोषतो आणि आचेचं टोक खाली आणतो. ईजीआरचं काम एवढंच. पुण्यात एप्रिल २०१० पासून बीएस-४ लागू झालं. त्यात डिझेल गाडीला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा होती. आधीच्या बीएस-३ मध्ये ती ०.५० होती. माझी गाडी त्या मर्यादेत बसली ती ईजीआर धरून. हे ऑक्साइड श्वासनलिकेला त्रास देतात आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. डोळ्यांना दिसत मात्र नाहीत.

डोळे उघडले चौथ्या वर्षी. त्याच घाटात, तसाच दम तुटला, तसाच काळा धूर. पत्रा तर जागेवर होता! बॉनेट उघडून हात घातला, तर होज पाइप पुन्हा त्याच क्लॅम्पखाली चिरलेला. इंजिनाने मोजून घेतलेली हवा वाटेतच निसटत होती, डिझेल मात्र पूर्ण मापाने पडत होतं, म्हणून धूर. पहिल्या वेळीही दुखणं हेच होतं. व्हॉल्व्ह एवढा लवकर भरला तोही बहुधा या जादा काजळीनेच. तेलाच्या वाफेत ती मिसळली की तसा चिकट थर धरतो.

मग आणखी एक गोष्ट समजली, आणि ती मला फार लागली. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो तेव्हा कॉम्प्युटर ईजीआर जवळजवळ बंदच ठेवतो. म्हणजे घाटात माझ्या पत्र्याला करण्यासारखं काही नव्हतंच. ईजीआर चालते ती हलक्या पायावर, कमी भाराला. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत मी रोज सकाळी सरकत होतो तेव्हा. शेजारी दुचाकीवर बापाच्या पुढ्यात बसलेली, दप्तर मांडीवर घेतलेली मुलं असायची. पत्र्याचा सगळा परिणाम त्यांच्या हवेत होत होता.

पत्रा काढला. मॅनिफोल्ड उतरवून खरवडून धुऊन घेतलं, व्हॉल्व्ह साफ केला, नवी गॅस्केट आणि नवा होज टाकला. एक दिवस गेला. गाडी आज घाट तिसऱ्या गिअरवर चढते, ईजीआर चालू असताना.

त्या तिघांना मी स्वतः फोन केला. एकाने पत्रा काढला. एकाने गाडी विकली होती. ती आता कुठे, कशी फिरते ते त्यालाही ठाऊक नाही. तिसरा माझा मेहुणा. तो म्हणाला, "दाजी, तुम्हीच तर सांगितलं होतं." त्याची गाडी अजून तशीच आहे.

तुमच्या जुन्या गाडीला कोणी असा पत्रा सुचवला, तर आधी होज, क्लॅम्प आणि फिल्टर तपासा, व्हॉल्व्ह साफ करून घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बसवून झाला असेल, तर काढा. दोन बोल्ट आणि एक गॅस्केट, एवढंच काम आहे.