फोटो ओळीबरोबर चालला पाहिजे

येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाचे हिशेब मी बघते. मालाची यादी एक्सेलमध्ये असते: क्रमांक, विणकर, रंग, काठ, पदर, किंमत. पण पैठणी शब्दांत मावत नाही. 'डाळिंबी, नारळी काठ, बांगडी मोर' अशा ओळी यादीत एकाखाली एक येतात आणि साड्या मात्र साफ वेगळ्या असतात. एकीच्या पदरावरचा मोर ठसठशीत, दुसरीचा नाजूक. उभे धागे एका रंगाचे नि आडवे दुसऱ्या रंगाचे असले की साडी धूपछाव दिसते. तिच्या रंगाचं नाव काय लिहायचं? पुण्याहून गिऱ्हाइकाचा फोन आला की मालक विचारायचे, "ताई, या तिन्ही डाळिंबींतली नेमकी कोणती?" मग कपाट उघडा, घड्या मोडा. जरीच्या साडीची घडी सारखी मोडणं बरं नव्हे.

म्हणून यादीत फोटो घालायचे ठरलं. फोटो नुसता पेस्ट केला तर तो सेलमध्ये बसत नाही, सेलच्या वर तरंगतो. दिसायला जागच्या जागी दिसतो, पण यादीला फिल्टर लावला की लपलेल्या ओळींचे फोटो एकमेकांवर ढीग करून बसतात. आमच्याकडे मोरपंखी साड्या वेगळ्या काढल्या तेव्हा मोरपंखीच्या ओळीवर राणी रंगाचा पदर झळकत होता. विक्रीच्या यादीत असं होणं फार वाईट, कारण गिऱ्हाईक मजकूर वाचत नाही, फोटो बघतं.

जुन्या एक्सेलमध्ये यावर उपाय आहे. सगळे फोटो निवडून 'फॉरमॅट पिक्चर'मधल्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'मूव्ह अँड साइझ विथ सेल्स' करायचं. फोटो सेलच्या रेघेबाहेर जराही जाऊ द्यायचा नाही. ऑल्ट दाबून ओढला की तो रेघेला चिकटतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आता इन्सर्ट, पिक्चर्स, 'प्लेस इन सेल' अशी सोय आहे. तिथे फोटो हा आकड्यासारखाच सेलचा ऐवज होतो, सॉर्ट केला की ओळीबरोबर जातो. माझ्या मते हीच खरी पद्धत. मात्र अशी फाइल जुन्या एक्सेलमध्ये उघडली तर फोटो दिसत नाही. गूगल शीट्समध्येही सेलच्या आत फोटो घालता येतो. दोन्हीकडे 'इमेज' हे सूत्रही आहे, पण ते फोटोची लिंक मागतं. लिंक बंद पडली की फोटो गेला, म्हणून मालाच्या नोंदीला मी ते वापरत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. सेलमध्ये तो अंगठ्याएवढा दिसला तरी फाइलमध्ये अख्खाच राहू शकतो, आणि शंभर साड्यांत फाइल फार जड होते. म्हणून फोटो आधीच लहान करायचा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला तरी तो पुष्कळ हलका होतो.

आता मालक स्क्रीनवर पदर बघतात, क्रमांक सांगतात आणि एकच साडी कपाटातून निघते.

तुमच्या दुकानाची अशी यादी करत असाल तर फोटो काढताना साडीच्या क्रमांकाची चिठ्ठी पदराच्या कोपऱ्यावर ठेवा. ओळ चुकली तरी साडी चुकणार नाही.