मुखवटा, सोंग आणि झोरो

तळवली हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आगरी वस्तीचे गाव. शिमग्याचे सोंग या पट्ट्याला अपरिचित नाही. सोंगात कोण दडला आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते; किंबहुना ते ठाऊक असते म्हणूनच सोंग रंगते. अशा गावातील एका मुलाने १९९८ सालचा ‘द मास्क ऑफ झोरो’ शेजारच्या घरी पाहिला आणि बापाच्या जुन्या रुमालाला दोन भोके पाडून तो डोळ्यांवर बांधला. आपल्याला कोणी ओळखणार नाही, हा आनंद त्याला नवा होता. सोंग आणि मुखवटा यांतील भेद मात्र त्याला फार उशिरा कळला.

झोरो म्हणजे स्पॅनिश भाषेत कोल्हा. जॉन्स्टन मॅक्कुली यांची ‘द कर्स ऑफ कॅपिस्ट्रानो’ ही कादंबरी १९१९ साली एका अमेरिकन साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस नायक सर्वांसमक्ष मुखवटा उतरवतो; कथा तेथे खऱ्या अर्थाने संपते. परंतु १९२० साली डग्लस फेअरबँक्स यांच्या चित्रपटाने झोरोला अफाट लोकप्रियता मिळवून दिली आणि लेखकाने, जणू ते रहस्य कधी फुटलेच नव्हते अशा थाटात, त्याच्या पुढील कथा लिहिल्या. नायक चिरंजीव झाला तो स्वतःचा शेवट गमावून.

या नायकाचा प्रभाव सांगताना समीक्षक सहसा तलवार, काळा पोशाख आणि दुहेरी आयुष्य यांची यादी देतात. १९३९ साली अवतरलेल्या बॅटमॅनचे कूळ तेथवर जातेच. मुंबईत वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने १९३५ साली मुखवटा राजकन्येच्या चेहऱ्यावर चढवला आणि नादियाला घराघरांत पोचवले. तथापि या परंपरेत एक गोष्ट सहसा बदलत नाही : मुखवट्यामागे असतो तो जमीनदाराचा मुलगा, धनिकाचा वारस वा राजाची कन्या. पीडितांच्या वतीने लढणारा स्वतः पीडितांपैकी नसतो.

तळवलीच्या त्या वाचकाला मोठेपणी नेमके हेच खटकले. १९७० नंतर नवी मुंबईसाठी या पट्ट्यातील जमिनी संपादित झाल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. तेथे कोणी मुखवटा घातला नव्हता. ज्यांची जमीन गेली तेच उघड्या चेहऱ्याने उभे होते. मग झोरोचे प्रयोजन काय उरले?

या प्रश्नाचे उत्तर त्याला तलवारीत सापडले नाही. ते दिवसाच्या दिएगोत सापडले. रात्रीचा झोरो हा मुखवटा नव्हेच. आळसावलेला, तलवारीच्या नावाने जांभई देणारा, सत्तेपुढे निरुपद्रवी दिसणारा दिएगो हाच खरा मुखवटा. लहानपणी त्याने बापाला कचेरीच्या खिडकीपुढे पाहिले होते : हात जोडलेले, मान खाली, प्रत्येक वाक्याला ‘होय साहेब’. बाप भित्रा आहे असे त्याने मनोमन ठरवून टाकले होते. तोच बाप १९८४ साली जासईला गेला होता, हे त्याला इतरांकडून, फार वर्षांनी समजले.

मॅक्कुलींच्या कादंबरीत दिएगोचा बापही मुलाला नेभळट समजतो. तळवलीत ओळखायला चुकला तो मुलगा, एवढाच फरक. कादंबरीतल्या बापाला अखेरीस मुखवटा उतरलेला पाहायला मिळतो. येथे तसा प्रसंग घडला नाही. रुमाल फाडल्याबद्दल बापाने तेव्हा काही म्हटले नव्हते. उरलेले फडके त्याने डोक्याला गुंडाळले आणि तो कामावर गेला.