कोणाचे तुम्ही?

निवडणूक हरायची सवय आमच्या घराला नव्हती. घर समाजवाद्यांचं असूनही! पण आम्ही राजापूर मतदारसंघातले. 1957 पासून बॅरिस्टर नाथ पै. 1971 च्या जानेवारीत ते गेल्यावर प्रा. मधु दंडवते. झोपडी, नांगरधारी शेतकरी, चक्र अशी चिन्हं बदलत गेली, पण दिल्लीला माणूस आमचाच जाई. 1984 च्या लाटेत ग्वाल्हेरला वाजपेयी पडले, दंडवते मात्र आले. याचा आम्हाला थोडा माजच होता.

1991 च्या जूनमध्ये तो उतरला. दंडवते पडले, काँग्रेसचे सुधीर सावंत आले. बाहेर पाऊस, घरात लाइट नाही, ट्रान्झिस्टरची खरखर. वडील काहीच बोलले नाहीत. आईला म्हणाले, पेज वाढ. मला राग आला होता तो सावंतांचा नव्हे, आमच्याच लोकांचा. रेल्वेमंत्री असताना या माणसाने दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांचा फोम घातला, 1974 च्या संपात बडतर्फ झालेल्यांना कामावर परत घेतलं. त्या फोमवर मुंबईहून देशभर निजत गेलेल्या पाठी इतक्या लवकर कशा विसरल्या?

विसरल्या नव्हत्या. त्यांचं जग बदललं होतं, आमचं नव्हतं. 1982 च्या संपानंतर गिरणगाव मोडलं. चाकरमान्यांची पोरं गणपतीला गावी येत ती शिवसेनेच्या शाखेच्या गोष्टी घेऊन. शाखेतला पोरगा रात्री-अपरात्री इस्पितळात धावतो, हे ती सांगत. आमच्याकडे अभ्यासवर्ग होते, साने गुरुजींची गाणी होती आणि मास्तर होते. मास्तर फार होते, असं आता वाटतं.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. या मार्गासाठी दंडवत्यांनी किती वर्षं घसा कोरडा केला होता! गाडी आमच्या शेतांवरून गेली तेव्हा आमचा पक्ष भागात नावालाही उरला नव्हता. 2008 च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघही गेला. पराभव एकदाचा पचतो. पण ज्या मैदानात हरलो ते मैदानच नाहीसं झाल्यावर माणूस कुठे उभा राहून हळहळणार?

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. ज्या पक्षाने त्यांना आत टाकलं त्याच्या आघाडीला मी 2024 ला मत दिलं, आणि बटण दाबताना वडिलांचा चेहरा आठवू नये म्हणून धडपडलो. दुसऱ्या बाजूला देणं तर त्याहून अवघड होतं. नोटा मला रुसव्यासारखा वाटतो. रुसायला समोर समजूत काढणारं कोणीतरी लागतं.

निकालानंतर तिठ्यावर दोन्ही बाजूंची माणसं हक्काने विचारतात, कोणाचे तुम्ही? हरलेले मला जिंकलेल्यांतला धरतात, जिंकलेले हरलेल्यांतला. चहाचे पैसे मात्र दोघंही माझ्याकडूनच घेतात. परवा चुलत पुतण्या म्हणाला, "काका, तुमी कोणाचेच नाय, म्हणान पंचायतीक उभे रवा, बिनविरोध येशात." मी म्हटलं, बघूया. अर्जाची मुदत कधी संपते, तेवढं विचारून ठेवलंय.