एक तास तुरीचं

मृग निघाला की आमच्या झरीत चहाचं प्रत्येक हॉटेल हवामान खात्याचं कार्यालय होतं. परभणी-जिंतूर रस्त्यालगतच्या बाकड्यांवर पंचांगातलं नक्षत्राचं वाहन सांगणारा एक असतो, मोबाइलवर ढगांचा नकाशा दाखवणारा एक असतो आणि दोघांचं ऐकून झाल्यावर ‘काही खरं नाही’ म्हणणारा तिसरा असतो. वाहन म्हैस किंवा बेडूक असलं की पहिला खुशीत. नकाशात जांभळं दिसलं की दुसरा. तिसरा कधीच खुशीत नसतो, त्यामुळं तो सहसा चुकतही नाही.

मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकते. गावापासून एसटीनं तासाभराच्या आतलं अंतर, तरी वसतिगृहात राहते. कारण घरी असले की अभ्यासापेक्षा खुरपं आधी हातात येतं. वर्गात शिकलेलं पहिलं-वहिलं ठाम वाक्य आठवतं: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. हे वाक्य दर जूनमध्ये पेपरात येतं, रेडिओवर येतं, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दिवसातून चारदा येतं. आमच्या घरात ते माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, फक्त वेगळ्या मापात. आजी आखाड्यावरून खाली रानात उतरते, वरची माती पायानं बाजूला सारते आणि खुरप्यानं वीतभर उकरते. मग खालची माती मुठीत घेऊन दाबते. हाताला चिकटली तर अजून वाफसा नाही. मुठीत धरून राहिली आणि अंगठा लावताच फुटली, तर ती आणखी चार बोटं खाली जाते. वरची ओल संपून मधेच कोरडा थर लागतो का, हे तिला बघायचं असतं. “ओलीला ओल भेटली नाई अजून,” एवढं म्हणून ती खुरपं पुसते. मी एकदा विद्यापीठाचा आकडा सांगितला. ती म्हणाली, “तेच की. त्यायनी डब्यात मोजलं, म्या मुठीत.”

म्हणजे ज्ञानाची कमतरता कुठंच नाही. हॉटेलातल्या तिघांनाही हे ठाऊक आहे. तरीही दर दोन-तीन वर्षांनी अर्ध्या शिवारात दुबार पेरणी होते. कारण एक सर पडून जाते, कुणाचा तरी ट्रॅक्टर रानात शिरतो, आणि त्याचा आवाज ऐकत घरी बसणं ही सगळ्यात अवघड गोष्ट असते. मूग-उडदाची वेळ निघून चाललेली असते. बी उधारीवर उचललेलं असतं. पेरणीला लागणारा ट्रॅक्टर आज मोकळा आहे, उद्या नसेल. पाण्याची विहीर आणि घरात एखादा पगार असला, तर माणूस निवांत थांबू शकतो. ज्याच्याकडं यातलं काही नाही त्याला ‘घाई करू नका’ सांगणं सोपं आहे. थांबायलाही ऐपत लागते, हे कुठल्या शिफारशीत छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आजीचा मार्ग मला पुष्कळ दिवस भित्रेपणाचा वाटे. ती ना धड थांबते, ना धड पेरते. ओलीला ओल भेटली की खालचं जड रान आधी, मुरमाड टेकडाचं नंतर, आणि आमच्या विहिरीला लागून असलेला तुकडा सगळ्यात शेवटी. मधे पाच-सात दिवस जातात. पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. सत्तरच्या वर उगवले तरच ते सोयाबीन बियाणं. त्यातही बियाण्याची एक पिशवी ती मागं ठेवते. दादा, म्हणजे माझे वडील, चिडतात. “सगळं एकदाच उरकून टाक ना, माय.” ती ऐकत नाही. मला आता वाटतं, तिला पावसाचा अंदाज बांधायचाच नसतो. आपला अंदाज चुकणार, एवढंच धरून ती उरलेलं घर लावते.

याचा सगळ्यात जुना पुरावा म्हणजे तूर. आजीच्या तरुणपणी तिफण चालायची तेव्हा पुरुष तिफणीवर, आणि मागं दोरीनं बांधलेलं सरतं हातात धरून बाई. ज्वारीची काही तासं, म्हणजे ओळी, झाली की त्या सरत्यातून एक तास तुरीचं. मूठ सैल सोडली तर दाणे दाट पडतात, आवळली तर खाडे राहतात. चालता चालता, चिखलात पाय रोवत हे करायचं. आता ज्वारी गेली, सोयाबीन आलं, तिफणीच्या जागी ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं. पण यंत्राच्या सहा नळ्यांपैकी दोन नळ्यांच्या कप्प्यात आजी अजून तूरच ओतायला लावते. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. पुढं आमच्या मॅडमनी फळ्यावर ‘सोयाबीन + तूर 4:2’ लिहिलं, तेव्हा मी हसले आणि वर्गात सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

त्यामागचं शास्त्र सुरेख आहे. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं. तूर सुरुवातीला इतकी सावकाश वाढते, की शेजारच्या ओळींना तिचा उपद्रव जाणवत नाही. सोयाबीन कापून रान मोकळं झालं, की तूर हातपाय पसरते. तोवर तिचं सोटमूळ काळ्या जमिनीत खोल गेलेलं असतं. परतीच्या पावसाची मुरलेली ओल ती हिवाळाभर पुरवून पिते. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं काढलेली बीडीएन-711 ही पांढरी तूर तर साधारण पाच महिन्यांत हाती येते. म्हणजे ऑगस्टमध्ये खंड पडून सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या, तरी तुरीचं अजून सगळं व्हायचं असतं. आणि तूर उधळली, म्हणजे मर लागून उभी वाळली, तर सोयाबीन आधीच घरात आलेलं असतं. दोन्ही एकदम जायचं म्हटलं तर फार वाईट साल लागतं.

अशी सालं येतात. 2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोली भागात जो पाऊस झाला, त्यानं सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि पाणी साचलेल्या रानातली तूरही पिवळी पडली. त्या आठवड्यात गावात चर्चेचा विषय पीक नव्हता, आकडा होता. झरी हे महसूल मंडळ. मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाणी पडलं, की ती अतिवृष्टी. आमच्याकडं म्हणतात, पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं. मग मापकाच्या शिंगावर किती आणि आपल्या शिंगावर किती, यावर वाद घालत माणसं तलाठ्याची वाट बघत होती. शिवारात पाऊस सगळीकडं सारखा पडत नाही, पण अतिवृष्टी एका मापकावरच ठरते. गावातल्या सल्ल्याचंही असंच. ज्याच्या रानात तो खरा ठरला तिथून धुरा ओलांडला, की त्याची खात्री संपते.

भावाची गोष्ट आणखी मजेशीर आहे, म्हणजे ज्याचं नुकसान झालं नाही त्याला मजेशीर. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा क्विंटलचा भाव दहा हजारांच्या घरात गेला. ज्यांनी माल ठेवला होता ते शहाणे ठरले आणि दिवाळीलाच विकून मोकळे झालेले हळहळले. सगळ्या गावानं धडा घेतला: थांबावं. मग पुढच्या हंगामांत घरोघरी पोत्यांच्या थप्प्या लागल्या, पोरांनी त्यावर झोपून क्रिकेट बघितलं आणि भाव उतरत गेला. 2024 च्या हंगामात सरकारचा हमीभाव होता 4,892 रुपये, आणि बाजारात त्याच्याही खाली माल विकला जात होता. थांबणारे तेच, थांबणं तेच, फक्त साल वेगळं. आजीनं तेव्हाही रास झाल्यावर तीन ढीग केले होते: एक देणेकऱ्यांचा, एक सणाचा आणि कपड्यालत्त्याचा, आणि उरलेला ‘बघू’चा. 2021 मध्ये तिला सगळा माल ठेवणाऱ्यांपेक्षा कमी पैसे मिळाले. पुढं तिचं नुकसानही त्यांच्यापेक्षा कमी झालं. गावात कुणी तिचा सत्कार केला नाही, कारण ज्याचं फार काही बिघडत नाही त्याची गोष्ट सांगण्याजोगी होत नाही.

ग्रंथालयात ॲरिस्टॉटलवरचं एक पुस्तक वाचलं. त्याचं म्हणणं असं, की तरुण माणूस भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारातलं शहाणपण त्याला येत नाही. ते एकेका प्रसंगाच्या ओळखीतून येतं, आणि ओळखी व्हायला वर्षं जावी लागतात. वाचून थोडं वाईट वाटलं. मग गावातली पिकली डोकी नजरेसमोर आणली. दरसाल पहिल्या सरीला पेरून दरसाल दुबार करणारे तीन-चार आजोबा मला ठाऊक आहेत. त्यांच्याकडं वर्षं भरपूर आहेत. तेव्हा ॲरिस्टॉटलचं अर्धंच पटलं.

आजीच्या बोलण्यात ‘बघू’, ‘असंल’, ‘औंदा तरी’ हे शब्द सतत येतात. फवारणीच्या दिवसांत दुकानात जाऊन बसलं की उलट भाषा कानावर पडते: हे टॉनिक मारा, फुलगळ थांबलीच पाहिजे, शंभर टक्के रिझल्ट. शिकायला लागल्यापासून मी एक खूण बांधली आहे. ज्याला सगळं नक्की ठाऊक असतं, त्याच्याकडं बहुधा एक बाटली विकायला असते.

पण आजीचे फार गोडवे गाणं मला जमणार नाही. बी ती निवडते, रास ती वाटते, कधी पेरायचं हे ती सांगते, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कधी आलं नाही. वारसनोंद करून नाव सातबाऱ्यावर लावता येतं हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आता कशाला? तुझ्या आज्याच्या नावानं काय वाईट चाललं?” आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. हे सोसणंही शहाणपणात मोजायचं का? मी मोजत नाही. एवढ्या बाबतीत ती घाबरली आणि तिच्या घाबरण्यावर घर चाललं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि 1972. आमचं विद्यापीठ त्याच वर्षी 18 मे रोजी स्थापन झालं आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. आजी तेव्हा नवी नवरी. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, मजुरी आणि वर सुकडी. तुरीचं काय झालं, असं मी मोठ्या आशेनं विचारलं होतं. “तूर?” ती म्हणाली, “पेरलंच कुठं काय, तर तूर.” मुठीतली माती, तीन ढीग, मागं ठेवलेली पिशवी, यातलं काहीही त्या साली उपयोगाला आलं नाही. उपयोगाला आलं ते रस्त्याचं काम. त्या कामांच्या अनुभवातून पुढं राज्याचा रोजगार हमी कायदा झाला. जुन्या माणसांच्या शहाणपणावर भाषणं देणारे आमच्या विद्यापीठात पुष्कळ येतात. त्यांच्या भाषणात ही खडी कधी येत नाही. घर कितीही नीट लावलं तरी एका घराला पेलणार नाही असं काही असतं, आणि तिथं सरकारनंच उभं राहावं लागतं. आजी हे बोलून दाखवत नाही. पण रोजगार हमीला कुणी फुकटेपणा म्हटलं की ती चुलीपुढून उठून येते.

माझी पहिल्या वर्षाची फी घरचे बोकड विकून भरली. आता शेवटचं वर्ष आहे आणि वसतिगृहात सगळ्यांनी एकच पीक घेतलं आहे: एमपीएससी. पहाटे सहाला अभ्यासिकेत जागा मिळत नाही. आजीनं मला जागा किती, बसतात किती, एवढे दोनच प्रश्न विचारले आणि मग तिसरा: “आन् नाई लागलं तर?” हा प्रश्न मी खोलीतल्या मैत्रिणीला सांगितला तर ती भडकली. तिचं म्हणणं, दुसरा मार्ग डोक्यात ठेवला की पहिल्यातला जोर जातो. जे निवडले गेले ते सगळे जीव तोडून एकाच गोष्टीच्या मागं होते. यात तथ्य नाही असं मला म्हणता येत नाही. तुरीच्या दोन ओळींमागं सोयाबीनच्या दोन ओळी जातातच. चांगल्या सालात धुऱ्यावर उभं राहून शेजारचं सलग, गच्च सोयाबीन बघताना आजीलाही ते दिसत असणार. पण जे निवडले गेले नाहीत तेही जीव तोडूनच अभ्यास करत होते, आणि त्यांना भाषणाला कुणी बोलावत नाही.

सध्या सकाळी चार तास एमपीएससी आणि दुपारी दोन तास बँकेच्या कृषी अधिकारी पदाच्या परीक्षेची तयारी असं चाललं आहे. मैत्रीण म्हणते, दुपारचे दोन तास वाया चालले. जातही असतील.