माळवदावरची पाहुणी



गेल्या वर्षी आषाढातली अष्टान्हिका संपून चार-पाच दिवस झाले होते. आमचे हे गोशाळेतून आले आणि पायावर पाणी घ्यायच्या आधीच म्हणाले, "कुणीतरी खोक्यात घालून मांजर आणून सोडलंय. सरकीच्या पोत्यांमागं बसलंय. तीन दिवस झाले, काही खात नाही."

गावातल्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या होत्या, त्यांचं हे मांजर. मुलगा पुण्याला. तेराव्यानंतर घराला कुलूप लावायचं म्हटल्यावर मांजराचं काय करावं हे त्याला सुचलं नसेल. गोशाळेत गाई, वासरं, मोडक्या पायाचा एखादा बैल, यांची सोय असते. कुत्रीही तिथे मोकळी फिरतात. सगळं आयुष्य एका बाईच्या पायाशी काढलेल्या मांजराला तिथे काय वाटलं असेल, हे मी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. पोत्यांच्या फटीत दोन डोळे तेवढे दिसत होते. हात पुढे केला तर अंग चोरून भिंतीत शिरू पाहत होतं. ओरखडलंसुद्धा नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मैत्रिणींनो, आपल्यात मांजर पाळत नाहीत. ही नुसती रूढी नाही. स्वामी कार्तिकेयांच्या अनुप्रेक्षा ग्रंथात मांजरासारखे हिंसक प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलं आहे, म्हणजे कारण नसताना ओढवून घेतलेलं पाप. मांजर उंदीर मारणार, पाल मारणार, चिमणीची पिल्लं सोडणार नाही, आणि त्याला खाऊ-पिऊ घालणारी बाई त्यात वाटेकरी होणार. लहानपणी पाठशाळेत हे ऐकलं होतं आणि मला ते पटलंही होतं. अजूनही पटतं.

तरी मी तिला घरी आणलं.

सासूबाई म्हणाल्या, "घरात नको. चौक्यात शिरलं म्हणजे?" त्यांचं चुकीचं नव्हतं. मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका लागतो त्या घरात मांजर कसं फिरू द्यायचं? म्हणून माळवदावरच्या खोलीत ठेवायचं ठरलं. तिथे जुन्या गाद्या, एक लोखंडी खाट आणि सासऱ्यांची ट्रंक. दार बंद, खिडकीला जाळी. तिलाही भीती नको आणि चिमण्यांनाही. "फक्त दुसरं घर मिळेपर्यंत," असं मी सासूबाईंना सांगितलं. तेव्हा वाटलं, आठ दिवसांचं काम आहे.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दात पाहून दहा-अकरा वर्षांची असेल म्हणून सांगितलं. माणसाच्या हिशेबात पंचावन्न-साठ. म्हणजे माझ्याच वयाची! रेबीजची लस टोचली. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि त्यातून ते दगावू शकतं. उपवास आपल्याला पुण्याचा, तिला जिवावरचा.

आता खायला काय घालायचं? दूध-पोळी, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. डॉक्टर हसले. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात. आणि टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराचं शरीर स्वतः पुरेसं तयार करू शकत नाही. ते त्याला मांस-मासळीतून मिळतं. ते मिळालं नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळं होतं, हे 1975 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. पुढे 1987 मध्ये कळलं की त्याच कमतरतेनं त्याचं हृदयही कमकुवत होतं. मी घरी येऊन बराच वेळ गप्प बसले. तिला आपल्यासारखं शाकाहारी करायला जावं तर ती आंधळी होणार. ही कसली अहिंसा?

गोशाळेतला गडी म्हणाला, "काकू, मी येऊन घालत जाईन." सोलापूरहून पुतण्यानं मांजराच्या कोरड्या खाण्याची पिशवी आणली. ती बाहेरच्या जिन्याखाली ठेवली. गडी रोज सकाळ-संध्याकाळ मागच्या जिन्यानं यायचा, वाटीत घालायचा आणि जायचा. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी त्याला ताप आला. हे बार्शीला गेले होते. संध्याकाळ झाली, वाटी रिकामी. मी जिन्याखाली उभी राहिले, पिशवी उचलली आणि माझ्या हातानं वाटी भरली. मग डोक्यावरून अंघोळ केली. त्या दिवशी सूर्यास्ताआधीचं जेवण राहूनच गेलं.

या खोलीत मी रोज दोन वेळा सामायिकाला बसत असे. तिला माणसाची सवय व्हावी म्हणून नव्हे हं. खरं सांगायचं तर खाली नातवंडांचा गोंधळ असतो, वर शांतता मिळते. चटई टाकायची, दोन घडी बसायचं. तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. पहिले दहा दिवस ती ट्रंकेमागून हललीच नाही. अकराव्या दिवशी मी बसलेली असताना वाटीचा आवाज आला. एकोणिसाव्या दिवशी डोळे उघडले तर ती चटईच्या दुसऱ्या टोकाला बसलेली.

पुतण्यानं नंतर फोनवर वाचून दाखवलं की इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये यावर अभ्यास केला. मांजराकडे टक लावून न बघता डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली तर ते माणसाजवळ यायला जास्त तयार होतं. आपली नासाग्रदृष्टी आणखी काय असते? मला गंमत वाटली. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तू इतके दिवस सामायिक करत होतीस की मांजर माणसाळवत होतीस?" पण हल्ली त्याच रोज संध्याकाळी ताटावर बसण्याआधी विचारत होत्या, "जेवली का ती?"

मग घर शोधायला लागले. आपल्या समाजातल्या घरी द्यायचा प्रश्नच नव्हता. लहान मुलं असलेलं घर नको, कुत्रं असलेलं नको. पहिलं घर मिळालं ते मला पसंत नव्हतं, पण महिना उलटून गेला होता आणि मीही कंटाळले होते. घरात दोन शाळकरी मुलं. "आम्ही सांगू त्यांना," म्हणाले. चौथ्या दिवशी परत आणून दिली. कपाटाखाली लपली होती म्हणून मुलांनी काठीनं बाहेर काढायला पाहिलं होतं. खाणं बंद. माझ्या खोलीत आल्यावर ती पुन्हा ट्रंकेमागे गेली आणि आमचे एकोणीस दिवस पाण्यात गेले. घाई माझी होती, त्या लोकांना काय बोलायचं?

दशलक्षण पर्वाच्या आधी कुंथलगिरीला गेले. तिथे चातुर्मासाला असलेल्या माताजींना सगळं सांगितलं. वाटी भरल्याचंही. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, णमोकाराच्या माळा आणि एक रसत्याग. ते मी केलं. पण मनात दुसरंच होतं. मांसाहारी घरी तिला दिली तर तिथे तिच्यासाठी मासळी येईल. कृत नाही, पण कारित? अनुमोदना? माताजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाळू नका असं शास्त्रात आहे. दारात आलेल्या भ्यालेल्या जिवाला हाकला असं नाही. चार दानांत अभयदानही आहे, विसरलीस का?" मी विचारलं, "म्हणजे दोष लागणार नाही?" त्यावर त्या म्हणाल्या, "तसं मी कुठं म्हणाले?"

परतताना गाडीत मला दिल्लीचं लाल मंदिर आठवलं. यात्रेत आम्ही तिथलं पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय पाहिलं होतं, 1929 पासून चालू आहे. कबुतरं, पोपट तिथे दाखल करून घेतात. घार, ससाणा आला तर त्याच्यावर उपचार करतात, पण मुक्कामाला ठेवून घेत नाहीत. तेव्हा मला ते थोडं कठोर वाटलं होतं. आता वाटलं, त्यांनीही कधीतरी अशीच रात्र जागून काढली असेल.

दुसरं घर साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या बाईंनी सुचवलं. त्यांची खाला दर्ग्याच्या बाजूला राहते. उर्दू शाळेतून निवृत्त झालेली, मुलगा आखातात, पहिलं मांजर म्हातारपणानं गेलेलं. मी आधी एकटीच बघायला गेले. दोन खोल्या, मागं बंद अंगण. मी एकेक विचारायला लागले तशा खाला म्हणाल्या, "बच्चे नहीं, कुत्ता नहीं, मैं अकेली. और क्या होना उसको?" मी सांगितलं, की ती महिनाभर तुम्हाला तोंडही दाखवणार नाही. "नको दाखवू दे," त्या मराठीत म्हणाल्या, "मला तरी कुठं जायचंय?"

क्षमावाणी झाल्यावर आम्ही तिला पोचवलं. बरोबर तेच खाणं दिलं, तीच वाटी आणि माझी चटईही. चटईला ओळखीचा वास होता. पहिले काही दिवस एकच खोली, लपायला खोकं ठेवा, ओढून काढू नका, एवढं सांगितलं. आमच्या ह्यांनी टोपली उचलली तेव्हा सासूबाई जिन्यापर्यंत आल्या होत्या. वर गेल्यावर दोन दिवस मला सामायिकात मन लावता आलं नाही.

दिवाळीनंतर कुंथलगिरीचे पेढे घेऊन खालांकडे गेले. मांजर दिसलं नाही. "है वो, पलंग के नीचे," खाला म्हणाल्या. पहाटे नमाजाच्या वेळी बाहेर येते, चटईवर बसते. रात्री पायाशी झोपते. मी तासभर बसले, पलंगाखाली वाकून बघितलं नाही. ती काही आली नाही.

निघताना खालांनी विचारलं, "इसका नाम क्या था?" ते मला कधी सुचलंच नव्हतं. रस्त्यावर येऊन मी ह्यांच्याकडून त्या मुलाचा नंबर घेतला आणि पुण्याला फोन केला. तो बराच वेळ थांबला. म्हणाला, "नाव असं नव्हतं हो काकू. आई तिला नुसतं 'अगं ए' म्हणायची."

मी परत जिना चढून खालांना ते सांगितलं. त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून हाक मारली, "अगं ए." पलंगाखाली काहीतरी हललं.