स्वस्त प्लॉटची उरलेली किंमत

दसरा-दिवाळीच्या सुमारास गोंदियात घराचा विषय हमखास निघतो. बयाणा देण्यासाठी मुहूर्त पाहिले जातात, रस्त्याकडेच्या फलकांवर नव्या ले-आउटचे नकाशे झळकतात आणि नोकरी-धंद्यात स्थिरावलेल्या घरांमधून एकच चर्चा सुरू होते : सिव्हिल लाइन्ससारख्या जुन्या वस्तीत लहानसे घर घ्यावे, की त्याच पैशात कुडवा, कटंगी, फुलचूर, नागरा या बाजूंना प्लॉट घेऊन अंगणासकट घर बांधावे? कौल बहुतेकदा बाहेरच्या बाजूने पडतो. नगररचना हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि त्या अभ्यासातून माझे ठाम मत झाले आहे की हा निर्णय आपण चुकीच्या मापाने घेतो. आपण चौरस फुटाचा भाव पाहतो आणि मुख्य चौकापासूनचे अंतर पाहतो. गोंदियाच्या आकाराच्या शहरात ही दोन्ही मापे फसवी आहेत. कडेचा प्लॉट स्वस्त असतो, कारण त्याच्या किमतीचा मोठा भाग अजून कोणी भरलेलाच नसतो. तो पुढे भरायचा असतो. तो कोण भरणार, कधी भरणार आणि घरातल्या कोणत्या माणसावर त्याचा भार पडणार, हे पाहिल्याशिवाय केलेला हिशेब अर्धाच राहतो.

गोंदियाचा गाभा रेल्वेने घडवला. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावकडे लोहमार्ग गेला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नैनपूर-जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन येथूनच फुटली. धान, लाकूड, तेंदूपाने, बिडी यांचा व्यापार स्टेशनाभोवती जमला आणि धानगिरण्या उभ्या राहिल्या. त्यामुळे बाजार, शाळा, दवाखाने, वकील, सराफ, किराण्याचे ठोक दुकानदार हे सारे पायी फिरता येईल एवढ्या परिघात बसले. याच रेल्वेने शहराचे दोन भागही केले. रुळांच्या एका बाजूला गोरेलाल चौकाची मुख्य बाजारपेठ, तर दुसऱ्या बाजूला रेलटोली, मरारटोलीचे बसस्थानक आणि त्यापलीकडे कुडव्याकडे वाढणारी वस्ती. रुळांवरचा जीर्ण झालेला जुना उड्डाणपूल पाडावा लागल्यानंतर रूळ ओलांडण्याचा प्रश्न किती नाजूक आहे, हे साऱ्या शहराने पाहिले. म्हणून गोंदियात ‘चार किलोमीटर’ या शब्दाला एकच अर्थ नाही. रुळांच्या याच बाजूचे चार किलोमीटर आणि पलीकडचे चार किलोमीटर ही दोन वेगळी अंतरे आहेत.

आता जनगणनेकडे पाहू. २००१ मध्ये नगरपरिषद हद्दीची लोकसंख्या सुमारे १ लाख २१ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १ लाख ३३ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ जेमतेम १० टक्के. त्याच काळात संपूर्ण गोंदिया जिल्हा १२ लाखांवरून १३ लाख २२ हजारांवर गेला, म्हणजे त्याचीही वाढ १० टक्केच. महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या मात्र त्या दशकात जवळपास २४ टक्क्यांनी वाढली होती. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झालेले, कार्यालये, महाविद्यालये आणि रुग्णालये मिळालेले शहर आपल्या ग्रामीण जिल्ह्याच्याच वेगाने वाढावे, हे सहज पटणारे नाही. त्यावरून मी काढतो तो निष्कर्ष असा : शहर वाढले, पण त्या वाढीचा मोठा वाटा नगरपरिषदेच्या रेषेबाहेर पडला. कामाला शहर आणि राहायला ग्रामपंचायत अशी विभागणी झाली. ही रेषा जमिनीवर दिसत नाही, पण नळ, नाली, पथदिवा आणि कचरागाडी यांच्याबाबत कोणाच्या दारात उभे राहायचे, हे तीच ठरवते. गोंदिया नगरपरिषद ‘अ’ वर्गाची आहे, तिच्याकडे मुख्याधिकारी आहे, अभियंते आहेत, विकास आराखडा करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. शेजारच्या ग्रामपंचायतीकडे एक ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि मर्यादित अनुदान असते. शेकडो नव्या घरांची जलनिस्सारण व्यवस्था आखणे हे तिचे काम असेल, असे तिची घडण करणाऱ्या कायद्याने कधी कल्पिलेच नव्हते.

या त्रुटीची सर्वांत मोठी किंमत पाण्याच्या रूपाने मोजावी लागते. गोंदियाच्या कडेचे बहुतेक ले-आउट धानाच्या बांध्यांवर पडले आहेत. बांधी म्हणजे नुसते सपाट शेत नव्हे. वरच्या बांधीत साठलेले जादा पाणी धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, वाटेने खालच्या बांधीत, तिथून पुढच्या बांधीत आणि शेवटी बोडीत (लहान तळ्यात), तलावात किंवा नाल्यात उतरते. या जिल्ह्यात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तो पाऊस मुरवत, अडवत, हळूहळू पुढे सोडणारी ही पिढ्यान्‌पिढ्यांची रचना आहे. ले-आउट पाडताना धुरे मोडले जातात, मुरमाची भर टाकून रस्ते उंच केले जातात आणि पाण्याची वाट प्लॉटच्या नकाशावर कुठेही उरत नाही. पहिले घर आपले जोते उंच करते, शेजारचे त्याहून उंच, आणि पाणी शेवटच्या ठेंगण्या घरात शिरते. त्यात जमीन भारी कन्हार असेल तर पाणी मुरतही नाही. भूमिगत गटार नसल्याने प्रत्येक घराचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा वेगळा असतो. पावसाळ्यात भूजल वर आले की शोषखड्डा तुंबतो, आणि त्याच प्लॉटवरच्या किंवा शेजारच्या बोअरवेलचे पाणी पिण्याच्या लायकीचे राहील याची खात्री देता येत नाही. जुन्या शहरात निदान वैनगंगेचे शुद्ध केलेले पाणी नळातून येते. ते कधी कमी दाबाने येईल, कधी उशिरा येईल, पण त्याच्या शुद्धतेची जबाबदारी कोणावर तरी असते. बोअरवेलच्या बाबतीत ती जबाबदारी घरमालकाची एकट्याची असते.

पुढे सारे काही होईलच, असे यावर सांगितले जाते. होतेही, पण कसे होते हे विदर्भाला नागपूरने दाखवून दिले आहे. नागपुरात ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ ही नावे आजही सर्वांच्या तोंडी आहेत. मंजुरीविना पडलेल्या वसाहतींच्या या याद्या. तिथल्या प्लॉटधारकांनी आधी जमिनीची किंमत दिली आणि नंतर नियमितीकरणासाठी विकासशुल्काच्या रूपाने पुन्हा पैसे मोजले. तरीही रस्ते, नाल्या आणि जलवाहिन्यांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आणावा लागला आणि त्याची कालमर्यादा पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवावी लागली. एवढ्यावरून लक्षात येईल की ही एखाद्या गावाची चूक नाही, ही आपल्याकडची शहरे वाढण्याची रीतच झाली आहे. घर आधी येते, नाली नंतर येते, आणि मधली दहा-वीस वर्षे त्या घरातली माणसे स्वतःच्या खिशातून शहर बांधत राहतात.

दुसरी किंमत प्रवासाची. अर्थशास्त्रज्ञ विल्यम अलॉन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलेला विचार असा की शहराच्या मध्यापासून दूर जाताना जमिनीचा भाव उतरतो, तो प्रवासाचा खर्च वाढत जातो म्हणून. ग्राहक एका हाताने जे वाचवतो, ते दुसऱ्या हाताने देतो. शिकागोच्या एका संस्थेने २००६ पासून याच विचाराला व्यवहाराचे रूप दिले : घर आणि प्रवास यांचा एकत्रित खर्च उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तरच ते घर परवडणारे मानावे. हाच हिशेब गोंदियात मांडून पाहू. समजा घर पाच किलोमीटर बाहेर आहे, घरात दोन दुचाकी आहेत आणि प्रत्येकीच्या दिवसाला जाण्या-येण्याच्या दोन फेऱ्या होतात. म्हणजे दिवसाला ४० किलोमीटर आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १००० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर धरून साधारण २२ लिटर पेट्रोल. पेट्रोलसह सर्व्हिसिंग, टायर आणि गाडीची झीज मिळून महिन्याला तीन हजार रुपये सहज होतात. आजच्याच भावाने वीस वर्षांत हा आकडा सात लाखांच्या वर जातो, आणि दुसऱ्या गाडीची किंमत यात धरलेलीच नाही. गृहकर्जाचे हप्ते मोजताना बँक हा खर्च विचारत नाही, म्हणून आपणही तो मांडत नाही.

पण माझ्या दृष्टीने पैशांहून मोठी गोष्ट वेगळी आहे. हा प्रवास घरातल्या सर्वांना सारखा महाग पडत नाही. गोंदियात मोठ्या शहरांसारखी शहर बससेवा नाही. ऑटो आणि ई-रिक्षा मुख्य रस्त्यांवर मिळतात, संध्याकाळनंतर ले-आउटच्या आतल्या गल्लीत मिळत नाहीत. म्हणजे ज्याच्या हातात गाडीची किल्ली आहे, त्याला पाच किलोमीटर म्हणजे दहा-पंधरा मिनिटे. ज्याच्या हातात नाही, त्याला ते दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहणे. ती किल्ली बहुधा घरातल्या कमावत्या पुरुषाकडे असते, आणि प्लॉट पाहायला जाणाराही बहुधा तोच असतो. आजी-आजोबांची रक्तदाब तपासणी, देवळात जाणे, बरोबरीच्यांशी गप्पा; सातवी-आठवीतल्या मुलांची शिकवणी; घरातल्या बाईला दुपारी मिळू शकणारे शिलाईचे, शिकवण्याचे किंवा दुकानातले काम : या साऱ्या गोष्टी जुन्या वस्तीत पायी होतात आणि बाहेर कोणाच्या तरी गाडीवर अवलंबून राहतात. म्हणून माझे माप असे आहे : घरातल्या वाहन न चालवणाऱ्या माणसाचा एक दिवस त्या पत्त्यावर मांडून पाहावा. तो दिवस कोणाची वाट न पाहता पार पडत असेल, तर घर योग्य जागी आहे.

याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप मध्यवस्तीच्या अवस्थेचा. बाजारपेठेत गाडी ठेवायला जागा नाही, लग्नसराईत रस्त्यावरून चालणे अवघड होते, जुन्या घरांत उजेड-वारा कमी. हे खरे आहे आणि ते नाकारून चालणार नाही. पण मोकळी हवा बाहेर हमखास मिळते, हा समजही तपासून घ्यावा. एकेकाळी शहराबाहेर असलेल्या धानगिरण्यांभोवती आज वस्ती झाली आहे, आणि कोंड्याची धूळ, राख, उसना तांदूळ करताना सोडलेले पाणी यांचा त्रास काय असतो, तो तिथल्या रहिवाशांना ठाऊक आहे. मोठ्या मंजूर ले-आउटमध्ये नियमाने १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, पण ती कागदावर सुटणे आणि तिच्यावर मुले खेळणे यांत फरक आहे. दुसरा आक्षेप असा की शहरच बाहेर सरकते आहे. जिल्हाधिकारी कार्यालय आमगाव रस्त्यावर आहे, २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्वतंत्र इमारत कुडव्याकडे, विमानतळ बिरसीला. तेव्हा आजची कड उद्याचे मध्य होणार नाही का? काही भागांचे होईलही. पण कार्यालय आले म्हणजे बाजार, शाळा आणि नाली येते, असे नाही. मोठ्या संस्था मोठ्या जागेसाठी बाहेर जातात आणि त्यांच्याभोवती आधी चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकाने आणि प्लॉटचे फलक येतात. ज्याची नोकरीच त्या संस्थेत आहे, त्याने तिथे राहणे शहाणपणाचे आहे. बाकीच्यांनी केवळ भाव वाढेल म्हणून घर घेतले, तर ते गुंतवणूक करतात, आणि त्या गुंतवणुकीत राहण्याची शिक्षा घरच्यांना होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : मध्यवस्ती परवडतच नाही, मग बाहेर गेल्यावाचून गती काय? ज्या कुटुंबाकडे खरोखर दुसरा मार्ग नाही, त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण गाभा आणि कड यांच्या मध्ये एक पट्टा असतो, ज्याकडे आपण दुर्लक्ष करतो. गणेशनगर, रामनगर किंवा छोटा गोंदियासारख्या वस्त्या बाजाराइतक्या दाट नाहीत, तरी नगरपरिषदेच्या सेवेत आहेत. तिथले जुने, दुरुस्तीला आलेले घर किंवा तीन मजली इमारतीतला फ्लॅट हा बंगल्याच्या स्वप्नापुढे फिका वाटतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो बहुधा स्वस्त पडतो. आणि बाहेरच घ्यायचे असेल, तर चार गोष्टी कागदावर पाहाव्यात : जमीन अकृषक झाली आहे का आणि ले-आउटला नगररचना विभागाची मंजुरी आहे का, ले-आउटचे पाणी कोणत्या नाल्याला मिळते, पिण्याचे पाणी कोणत्या योजनेतून येणार, आणि मुख्य रस्त्यापर्यंत पायी किती मिनिटे लागतात. प्लॉट एकदा तरी ऑगस्टमध्ये पाहावा, एप्रिलमधल्या कोरड्या जमिनीवर विश्वास ठेवू नये.

या साऱ्या प्रश्नावर नगरपरिषदेची हद्दवाढ हा एकच उपाय सांगितला जातो, पण तोही आपोआप काम करत नाही. याच जिल्ह्यात आमगावला आजूबाजूची गावे जोडून नगरपरिषद करण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कर वाढेल, रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुल योजनांचे लाभ जातील, ही खेड्यातल्या माणसाची भीती निराधार नाही. म्हणून हद्द वाढण्याआधी सोय वाढली पाहिजे. गोंदिया आणि लगतच्या ग्रामपंचायतींचा पाण्याच्या निचऱ्याचा एकत्रित नकाशा व्हावा, त्यात बोड्या, तलाव आणि नाले यांच्या वाटा राखून ठेवाव्यात, आणि नाली व जलवाहिनी झाल्याशिवाय ले-आउटमधले प्लॉट विकण्यास अंतिम परवानगी मिळू नये. कुडवा, मरारटोली, रेल्वे स्थानक, बाजारपेठ आणि फुलचूर यांना जोडणाऱ्या दोन-तीन बसमार्गांचा खर्च एखाद्या पुलाच्या खर्चापुढे किरकोळ आहे, पण वाहन नसलेल्या हजारो माणसांना त्यामुळे शहर मोकळे होईल. असे झाले तर कडेचा प्लॉट थोडा महाग होईल, आणि तो महाग व्हावा असेच माझे म्हणणे आहे. कारण तेव्हा त्याची खरी किंमत खरेदीखतावर लिहिलेली असेल. ती भरणारा ती समजून-उमजून भरेल, आणि सही न केलेल्या म्हाताऱ्या आईवर किंवा शाळकरी मुलीवर ती रोज वसूल केली जाणार नाही.