म्हसावदला एक दिवस

“म्हसावदला जाऊन येतो,” असे मी घरी सांगितले तेव्हा पहिला घोटाळा नावाचाच झाला. सौभाग्यवतींना वाटले, साताऱ्याकडचे म्हसवड. तेव्हा सिद्धनाथाला नारळ वाढवून या, अशी आज्ञा झाली. शेजारचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “अहो, म्हसावद म्हणजे पाचोऱ्याच्या पुढचं स्टेशन. मेल काही तिथे थांबत नाही.” दोघांचेही भूगोलाचे ज्ञान पक्के होते, पण मला जायचे होते ते तिसऱ्याच म्हसावदला. हे नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तोरणमाळच्या थंड हवेसाठी जाणारी मंडळी त्याच्यावरून जातात आणि बहुधा मोटारीची काचही खाली करीत नाहीत.

बोलावणे एका जुन्या विद्यार्थ्याचे होते. मी आता पुण्यात शिकवतो. पूर्वी काही वर्षे खानदेशातल्या एका महाविद्यालयात होतो. तिथे हा मुलगा शेवटच्या बाकावर बसत असे. धडगावकडचा पावरा, बोलायला कमी, पण निबंधात एखादे वाक्य असे लिहून जाई की मी ते दुसऱ्या वर्गात वाचून दाखवावे. दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि हा वर्गातून नाहीसा झाला. उगवला तो एकदम होळीनंतर. हजेरी भरली नव्हती. परीक्षेच्या अर्जावर सही मागायला आला तेव्हा मी कारण विचारले. “घरची अडचण, सर,” एवढेच तो म्हणाला. मी अर्जावर ‘बेजबाबदार’ असा शेरा मारला आणि त्याचे वर्ष गेले. पुढे तो बी.ए. झाला, बी.एड. झाला. आज एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. माझ्यावर त्याने कधी राग धरला नाही. दर दिवाळीला नमस्काराचा निरोप येतो.

जुलैमध्ये त्याचा फोन आला. “सर, नऊ ऑगस्टला म्हसावदला या. जागतिक आदिवासी दिन आहे. भाषण नाही करायचं. पण तुमचं अक्षर चांगलं आहे, त्याचं काम आहे.”

मास्तराला बोलावायचे आणि भाषण नको म्हणायचे, हे हलवायाला जेवायला बोलावून गोड नको म्हणण्यासारखे झाले. मी अर्थातच भाषण तयार केले. मानवी हक्क हा विषय. १९४८ सालचा जाहीरनामा तयार होत असताना पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्यांच्या जागी ‘सर्व माणसे’ असा शब्द घालण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. एका शब्दासाठी भांडणारी माणसे आम्हा भाषेच्या लोकांना मनापासून आवडतात. शिवाय हंसाबाईंचा जन्म सुरतेचा, म्हणजे नंदुरबारच्या शेजारचाच. कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवले.

रात्रीच्या एस.टी.ने निघालो. दोंडाईचा मागे पडले आणि उजाडता उजाडता सारंगखेड्याचा पूल आला. खाली तापी गढूळ, भरलेली, घाई नसलेली. मार्गशीर्षात इथे दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. श्रावणात मात्र नुसते पाणी आणि आभाळ. पलीकडे शहाद्याचा मुलूख सुरू होतो. केळी, पपई, कापूस, ऊस. काळी जमीन अशी की चप्पल सोडायला तयार होत नाही. इतकी श्रीमंत माती आणि त्या मातीत राबणारी इतकी गरीब माणसे एकाच शिवारात पाहायला फार लांब जावे लागत नाही.

शहाद्याला गाडी बदलली. कंडक्टर भला माणूस. मला म्हणाला, “साहेब, इथं बसा, खिडकीशी.” माझ्या मागून एक म्हातारी चढली. डोक्यावर गाठोडे, अंगावर भिजलेले लुगडे. तिला तोच माणूस, त्याच दमात म्हणाला, “ए, सरक मागं.” आवाजात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. सवय होती. तीही काही न बोलता मागे सरकली. ‘बसा’ आणि ‘सरक’, दोन्ही आज्ञार्थच. वर्गात मी हे रूप फळ्यावर लिहून शिकवतो. त्याचा असा पाठ मात्र मला पहिल्यांदाच मिळाला.

लोणखेडे गेले आणि समोर सातपुडा उभा राहिला. आधी निळी रेघ, मग हिरवी भिंत, मग ढगांत गेलेले माथे. म्हसावद या भिंतीच्या अलीकडे आहे. डोंगरातल्या माणसाला बाजार, दवाखाना, पोलीस ठाणे यांसाठी खाली उतरावे लागते ते इथे. गाव मोठे आहे, दुकाने भरलेली आहेत. स्टँडवर उभे राहिले तर पाच मिनिटांत अहिराणी, गुजरी, भिली, पावरी आणि शासकीय मराठी अशा पाच भाषा कानांवरून जातात. शेवटची सगळ्यांत कमी.

माझा विद्यार्थी छत्री घेऊन उभाच होता. वाकून नमस्कार करू लागला, मी धरला. त्याच्या कानशिलावर पांढरे केस दिसले आणि मी उगीचच हिशेब करीत बसलो.

मिरवणूक निघाली होती. ढोल, मांदळ, बासऱ्या. पावसाची सर आली की लोक नाचणे थांबवीत नव्हते, उलट जोर चढत होता. खाज्या नाईक, तंट्या भिल्ल, बिरसा मुंडा यांच्या तसबिरी ट्रॅक्टरवर. मुलींनी चांदीचे दागिने घातलेले आणि हातात मोबाइल. आमच्या पिढीला नऊ ऑगस्ट म्हणजे १९४२ आणि गवालिया टँक. मी तसे म्हणालो तेव्हा तो हसला. “तेही आहेच, सर. पण हा नऊ ऑगस्ट जिनिव्हाचा.” जगातल्या मूळनिवासी लोकांच्या प्रश्नांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला कार्यगट १९८२ साली याच दिवशी पहिल्यांदा बसला. म्हणून १९९४ मध्ये हा दिवस ठरला. पुढे २००७ च्या सप्टेंबरात मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे चार देश विरोधात गेले. जिनिव्हातली ती बैठक आणि म्हसावदचा हा चिखल यांच्यामधले अंतर इथल्या कोणालाच फार वाटत नव्हते.

आणि का वाटावे? मंडपातल्या एका वक्त्याने मणिबेलीची आठवण सांगितली. या डोंगररांगांच्या पलीकडे नर्मदा आहे. तिच्या काठचे, अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव. अशी राज्यातली तेहतीस गावे. जागतिक बँकेने या धरणाला १९८५ साली कर्ज दिले. लोक अडून बसले, तेव्हा बँकेला स्वतंत्र चौकशी समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि १९९३ च्या मार्चमध्ये उरलेले कर्ज सुटले. त्यानंतर १९९४ साली, बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे, असे जे निवेदन निघाले त्यावर चव्वेचाळीस देशांतल्या संस्थांनी सह्या केल्या. त्या निवेदनाला नाव मिळाले मणिबेलीचे. धरण झालेच, गाव गेलेच. सातपुड्यातल्या त्या पाड्याचे नाव मात्र वॉशिंग्टनच्या टेबलावर जाऊन पडले. खाली उतरवलेली कुटुंबे आज तळोदे-शहादे भागातल्या वसाहतींत राहतात. मंडपात त्यांतली कितीतरी माणसे होती.

पण मला त्या दिवशी सगळ्यांत भिडला तो एक छोटासा शब्द. मंडपात एक वयस्क गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात काठी. माझ्या विद्यार्थ्याला त्यांनी “आप” म्हटले. आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाला! मी विचारले. तळोदे तालुक्यात मोरवड आहे. तिथे गुलाम महाराज नावाचे भिल्ल साधुपुरुष होऊन गेले. दर सोमवारी त्यांच्या आरतीला हजारोंनी माणसे जमत. दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा, हा त्यांचा उपदेश. १९३८ साली ते वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी पंथ पुढे चालवला. १९४३ च्या २ मार्चला रावलापाणीच्या ओहळात या निःशस्त्र माणसांवर इंग्रज सरकारच्या बंदुका चालल्या. गोळ्यांच्या खुणा तिथल्या खडकावर अजून दाखवतात.

विचार करा. सावकार, पाटील, जमादार, फॉरेस्टचा गार्ड, सगळे ज्याला ‘अरे’ म्हणतात त्या माणसाने आपल्या शेजाऱ्याला ‘आप’ म्हणायचे. व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. सरकारला त्यात बंड दिसले, आणि मला वाटते, सरकारला व्याकरण आमच्यापेक्षा बरे कळत होते.

शहाद्याच्या सपाटीवरचा पुढचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हा भजने म्हणणारा भिल्ल तरुण तिचा प्राण. तो १९७४ सालीच गेला. सालदारकी आणि गहाण जमिनी यांच्याइतकीच दारूविरुद्धची लढाई गाजली, ती बायकांनी लढवली. याच चळवळीतून वाहरू सोनवणे कवी म्हणून आपल्याला मिळाले. त्यांची ‘स्टेज’ ही कविता मी कित्येक वर्षे वर्गात शिकवली आहे. ज्यांचे दुःख ते खाली आणि ते सांगणारे व्यासपीठावर, हा तिचा विषय. तिच्यावर मी व्यासपीठावरून उत्तम बोलतो असे विद्यार्थी म्हणतात.

तेव्हा पिशवीतले भाषण पिशवीतच राहिले. मला बसवले मंडपाच्या बाजूला, एका टेबलाशी. टेबलावर पाचशे पानी वही. रकाने आखलेले: नाव, पाडा, बरोबरची माणसे, मुकादम, उचल, कुठे जाणार.

हे काय, ते सांगायला हवे. दिवाळी झाली की आपल्याकडे माणसे घरी परतून फराळाला बसलेली असतात. त्याच सुमारास या डोंगरातून ट्रक भरून माणसे बाहेर पडतात. ऊस तोडायला, बहुतेक दक्षिण गुजरातेत. बारडोली म्हटले की आपल्याला १९२८ चा सत्याग्रह आणि सरदार पटेल आठवतात. यांना आठवतो उसाचा फड. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. म्हणजे दोन माणसे मिळून एक हत्यार मोजले जाते. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. ती फेडायला होळीपर्यंत तोड. यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने या खानदेशी तोडकऱ्यांवर १९७० च्या दशकात लिहिले. १९७९ साली परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी कायदाही झाला. पण कायद्याला आधी माणूस कुठे गेला ते ठाऊक हवे. म्हणून ही वही. फडात काही झाले, कोणी आजारी पडले, हिशेब अडला, तर निदान नाव आणि मुकादम तरी कागदावर असावा.

मी लिहू लागलो. चौथ्या की पाचव्या खुर्चीवर तीच म्हातारी येऊन बसली, एस.टी.तली. “आजी, तुझं नाव काय?” मी विचारले. आजीला ‘तू’ म्हणण्यात माया असते असे आपण म्हणतो. खरे आहे, पण ती आपल्या आजीपुरती. बाजूला उभा असलेला माझा विद्यार्थी काही बोलला नाही. मलाच ऐकू आले. “तुमचं नाव सांगा,” मी म्हणालो.

तिला नाव नोंदवायचे नव्हते. मुलगा आणि सून जाणार होते, त्यांचे लिहायचे होते. आणि लुगड्याच्या गाठीतून तिने एक कागद काढला. गेल्या हंगामाचा हिशेब. “भाऊ, फिटलं का नाही तेवढं वाचून सांगा.”

मी चष्मा लावला. कागद गुजरातीत होता. डोक्यावरची रेघ नसलेली अक्षरे थोडी लागत होती. पण आकड्यांशी अडलो. पाच की नऊ, सहा की सात, काही धड कळेना. मराठीचा एम.ए., वीस वर्षांची नोकरी, आणि म्हातारी तोंडाकडे बघते आहे. शेवटी वही धरून बसलेली एक मुलगी म्हणाली, “सर, द्या इकडे.” लहानपणी दोन हंगाम ती आईबापांबरोबर फडावर होती, तिथल्या शाळेत गुजराती शिकली. तिने घडाघड वाचले. उचल इतकी. खावटीचे धान्य इतके. त्यावर व्याज. खाडे इतके. चार महिने दोघे राबून बाकी त्यांच्याच अंगावर.

“म्हणजे नाही फिटलं,” म्हातारी म्हणाली. कागदाची पुन्हा घडी केली, गाठीत बांधला. मग मुलाचे नाव सांगितले, सुनेचे सांगितले. उचलीचा आकडा सांगितला. ‘कुठे जाणार’ हा रकाना तिला भरता येईना. मुकादमाने सांगितले नव्हते. मी तिथे रेघ मारू लागलो, तर ती मुलगी म्हणाली, “रेघ नको, सर. मोकळं ठेवा. कळलं की भरू.”

संध्याकाळपर्यंत बोटे आखडली. पाऊस थांबला होता, डोंगराच्या घळीतून वाफ निघत होती. आम्ही दोघे चहाला गेलो. मी विचारले, “त्या वर्षी, माझ्या शेऱ्याच्या, तू...” मग थांबलो. “तुम्ही कुठे होता?”

“सुरत जिल्ह्यात, सर. वडील आजारी पडले होते, कोयता मोडला असता. आईबरोबर मी गेलो.”

“मी नीट विचारलं नाही.”

“मी सांगितलं नसतं,” तो म्हणाला. “आणि मला ‘तू’च म्हणा, सर. तुमच्या तोंडी ‘तुम्ही’ बरं नाही वाटत.”

निघताना त्याने माझ्या पिशवीत एक कोरी वही टाकली, रकाने आखलेली. आमच्या सोसायटीमागे इमारत उठते आहे, असे मी बोलता बोलता सांगितले होते. “आमचे लोक हल्ली तिकडंही असतात. जमलं तर विचारा.”

गेले दोन महिने रविवारी सकाळी मी तिथे जातो. मुकादमाला प्रथम मी कार्यालयाचा माणूस वाटलो, त्याने दोन रविवार मला दाराशीच चहा पाजून परत पाठवले. आता वहीत सात नावे आहेत. दोन अक्कलकुव्याची, एक धडगावचे, बाकी मराठवाड्यातली. म्हसावदहून परवा फोन आला. म्हातारीच्या मुलाचा रकाना अजून मोकळाच आहे. ट्रक दिवाळीनंतर यायचे आहेत.